काँक्रीटची होडी : अभियांत्रिकी शिक्षणातील एका विद्यार्थी स्पर्धेचा इतिहास

प्रस्तावना

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आयोगांचे अहवाल, विद्यापीठांचे कायदे, अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके ही साधने प्रामुख्याने वापरली जातात. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांची नोंद मात्र महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालातील दोन ओळींपलीकडे सहसा जात नाही. वास्तविक स्पर्धेची नियमावली हे अत्यंत बोलके ऐतिहासिक साधन होय. कोणत्या गोष्टीला किती गुण द्यावयाचे, काय निषिद्ध ठरवावयाचे आणि विजेता कोणास म्हणावयाचे हे ठरविताना त्या त्या काळातील अध्यापक व व्यावसायिक नकळत एक कबुली देत असतात. खरे ज्ञान ते कशाला मानतात, हे त्यातून उघड होते. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत ही कबुली इतक्या स्पष्टपणे क्वचितच सापडते.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या क्षेत्रात काँक्रीटचे मिश्रण ठरविणे व ते तपासणे या कामावर आधारलेल्या अनेक विद्यार्थी स्पर्धा आहेत. त्यांपैकी सर्वांत दीर्घ इतिहास असलेल्या स्पर्धांमध्ये अमेरिकेतील 'काँक्रीट कनू' स्पर्धेची गणना करावी लागेल. कनू म्हणजे वल्ह्यांनी चालविण्याची अरुंद, निमुळती होडी. ती काँक्रीटची बनवून पाण्यात शर्यत लावावयाची, असे या स्पर्धेचे दृश्य रूप आहे. दगड पाण्यावर तरावा असा हा प्रकार असल्याने तिच्याकडे एक गंमत म्हणूनच बहुधा पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात या स्पर्धेच्या वाटचालीचा विचार वेगळ्या दृष्टीने केला आहे. ही स्पर्धा शर्यतीपासून हळूहळू मिश्रणाकडे आणि मिश्रणाकडून त्यामागील लेखी समर्थनाकडे कशी सरकत गेली, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्या अनुषंगाने आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील काँक्रीट ठोकळ्यांच्या स्पर्धांचाही विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

मिश्रणाचे शास्त्र

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत काँक्रीटचे प्रमाण हा बहुतांशी गवंड्याच्या अनुभवाचा विषय होता. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असे आकारमानाचे प्रमाण ठरलेले असे आणि पाणी हाताच्या अंदाजाने घातले जाई. फ्रान्समध्ये रेने फेरे यांनी १८९२ साली मिश्रणाच्या ताकदीचा संबंध त्यातील सिमेंट, पाणी व हवेच्या पोकळ्या यांच्या आकारमानाशी जोडून दाखविला. पुढे शिकागो येथील लुईस इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत डफ एब्रॅम्स यांनी असंख्य नमुन्यांच्या चाचण्या घेऊन १९१८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिश्रण कालविण्याजोगे असेल तर त्याची ताकद प्रामुख्याने पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते, हा तो सुप्रसिद्ध सिद्धांत होय. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला त्याच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश इतके पाणी पुरते. त्याहून अधिक घातलेले पाणी माल पसरविणे सोपे करते, परंतु पुढे ते उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवून जाते. बांधकामावर माल घट्ट वाटला की बादलीभर पाणी ओतून तो पातळ करण्याची जी सवय सर्वत्र आढळते, तिची किंमत एब्रॅम्स यांनी आकड्यांत मांडली.

या सिद्धांताचा शैक्षणिक परिणाम दुहेरी झाला. एकीकडे मिश्रण ठरविणे ही गणिताने मांडता येणारी, म्हणून वर्गात शिकविता येणारी गोष्ट बनली. दुसरीकडे ती तक्त्यात बंदिस्त झाली. ताकद दिली की गुणोत्तर मिळते, गुणोत्तरावरून सिमेंट मिळते आणि उत्तरपत्रिकेवर पूर्ण गुण मिळतात. मिश्रण हाताने कालविल्यावर ते साच्यात नीट बसते की नाही, याचा अनुभव नसतानाही हे सर्व करता येते. विद्यार्थी स्पर्धांचा उगम समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पाण्यावरील काँक्रीट

काँक्रीटची होडी ही कल्पना विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. उलट लोखंडाने बळकट केलेल्या काँक्रीटच्या इतिहासाचा आरंभच एका होडीने होतो. दक्षिण फ्रान्समधील जोसेफ-लुई लाम्बो या जमीनदाराने १८४८ च्या सुमारास लोखंडी तारांच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवून लहान होड्या तयार केल्या, १८५५ साली पेटंट घेतले आणि त्याच वर्षीच्या पॅरिस प्रदर्शनात आपली होडी मांडली. जोसेफ मोनिए यांचे कुंड्यांचे पेटंट १८६७ चे, म्हणजे त्यानंतरचे आहे. पाठ्यपुस्तकांत मोनिए यांच्या कुंड्यांना जे स्थान मिळाले ते लाम्बो यांच्या होडीला मिळाले नाही.

पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई निर्माण झाल्यावर ही कल्पना मोठ्या प्रमाणावर पुढे आली. नॉर्वेमध्ये निकोलाय फाउग्नर यांनी १९१७ मध्ये 'नामसेनफ्योर्ड' हे समुद्रगामी काँक्रीट जहाज पाण्यात सोडले. अमेरिकेने आपत्कालीन कार्यक्रमाखाली २४ जहाजांची योजना आखली, त्यांपैकी १२ प्रत्यक्षात बांधली गेली. त्यांतील 'सेल्मा' हे तेलवाहू जहाज जून १९१९ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यानंतर पाण्यात उतरले. 'सेल्मा'चे महत्त्व तिच्या खडीत आहे. कॅन्सस सिटी येथील वीट व्यावसायिक स्टीफन हेड यांना भट्टीत फुगून वाया गेलेल्या झामा विटा वजनाला अतिशय हलक्या असल्याचे लक्षात आले होते. शेल जातीचा खडक मुद्दाम भाजून, फुगवून हलकी खडी बनविण्याचे पेटंट त्यांनी १९१८ मध्ये मिळविले आणि हीच खडी युद्धकालीन जहाजांसाठी वापरली गेली. टाकाऊ विटेतून हलक्या काँक्रीटचा उद्योग उभा राहिला. 'सेल्मा'चा सांगाडा टेक्सासमधील गॅल्व्हस्टनजवळ उथळ पाण्यात पडून राहिला आणि पुढे काँक्रीटच्या टिकाऊपणाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यातून नमुने काढून तपासले.

इलिनॉय ते मिशिगन

इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक क्लाइड केसलर हे काँक्रीटच्या, विशेषतः वारंवार येणाऱ्या भाराखाली होणाऱ्या त्याच्या वर्तनाच्या, संशोधनासाठी ओळखले जात. १९७०-७१ या शैक्षणिक वर्षात त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्थापत्य शाखेतील विद्यार्थ्यांनी काँक्रीटची कनू बांधली. तिचे नाव 'मिस-लेड', म्हणजे 'दिशाभूल झालेली', असे मिस्कील ठेवण्यात आले होते. शेजारच्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीही होडी तयार केली आणि मे १९७१ मध्ये इलिनॉयमधील किकापू स्टेट पार्क येथील तलावात दोन्ही विद्यापीठांची शर्यत झाली. दोन महाविद्यालयीन संघांमधील काँक्रीट कनूंची ही पहिली शर्यत मानली जाते.

या आरंभाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे सविस्तर नियमावली नव्हती, गुणांचे तक्ते नव्हते आणि पुरस्कर्ताही नव्हता. एका अध्यापकाने हुशार विद्यार्थ्यांपुढे ठेवलेला तो एक प्रकल्प होता. परंतु शर्यत सुरू होताच कल्पनेचा प्रसार वेगाने झाला. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या विविध भागांत प्रादेशिक शर्यती होऊ लागल्या. पुढे नेदरलँड्स, जर्मनी व कॅनडातही अशा स्पर्धांची परंपरा निर्माण झाली. शर्यतीचे आकर्षण नसते तर वर्गातील हा प्रयोग वर्गातच संपला असता, हे मान्य करावे लागेल. मात्र जेथे केवळ वेग मोजला जातो तेथे होडीचा आकार आणि वल्हेकऱ्यांचे दंड निर्णायक ठरतात, काँक्रीट गौण ठरते.

न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक आर. जॉन क्रेग यांनी या विखुरलेल्या शर्यतींना राष्ट्रीय रूप देण्यासाठी पुढाकार घेतला. पुढे स्पर्धेशी त्यांचे नाव स्मरणार्थ जोडले गेले. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनीअर्स या व्यावसायिक संस्थेच्या वतीने पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात भरली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संघाने ती जिंकली. काँक्रीटमध्ये मिसळावयाची रसायने तयार करणारी मास्टर बिल्डर्स ही कंपनी पुरस्कर्ती होती. पुरस्कर्त्याच्या व्यापारी हेतूकडे दुर्लक्ष करण्याचे कारण नाही. कमी पाण्यात मिश्रण सैल करणारी रसायने ज्या कंपनीला विकावयाची आहेत, तिला ती वापरण्यास सरावलेले अभियंते हवे असणारच. तरीही या हेतूमुळे शिक्षणाची हानी झाली असे दिसत नाही. रसायनांची आवश्यकता त्या मिश्रणांना खरोखरच होती.

नियमावली काय सांगते

राष्ट्रीय स्पर्धेच्या मूल्यमापनात दीर्घकाळ चार घटक होते आणि प्रत्येकाला २५ टक्के गुण होते. पहिला लेखी संकल्पन-अहवाल, दुसरा परीक्षकांसमोरील तोंडी सादरीकरण, तिसरा प्रत्यक्ष तयार झालेली होडी आणि चौथा शर्यत. म्हणजेच ज्या शर्यतीमुळे स्पर्धा जन्माला आली, तिचे वजन एक चतुर्थांशावर आले. शर्यतींमध्ये पुरुषांच्या, स्त्रियांच्या आणि मिश्र संघांच्या स्वतंत्र फेऱ्या होत्या. त्यामुळे संघात विद्यार्थिनी असणे अपरिहार्य ठरले. स्थापत्य शाखेत मुलींची संख्या बेताचीच असलेल्या काळात या एका कलमाने जे साधले, ते उपदेशाने साधले असते असे वाटत नाही.

मिश्रणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरली ती बुडविण्याची चाचणी. नेहमीच्या काँक्रीटची घनता दर घनमीटरला सुमारे २,४०० किलोग्रॅम, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ अडीचपट असते. अशा जड काँक्रीटचीही होडी तरते, कारण तरणे हे विस्थापित पाण्याच्या वजनावर अवलंबून असते. पोलादी जहाजे तरतात ती याच न्यायाने. परंतु होडी पाण्याने पूर्ण भरून बुडविली असता ती आपोआप पृष्ठभागावर यावी, अशी अट घातली की प्रश्न पालटतो. मग टोकांना तरंगणारा फोम बसविणे किंवा काँक्रीटच पाण्याहून हलके करणे एवढेच मार्ग उरतात. वल्हेकऱ्यांच्या सुरक्षिततेला उपयोगी असलेल्या या अटीने विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत ढकलले.

हे आव्हान किती कठीण आहे हे एका साध्या हिशेबावरून कळेल. सिमेंटची घनता पाण्याच्या सुमारे ३.१५ पट असते. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० धरले तर केवळ सिमेंट-पाण्याच्या लगद्याचीच घनता दर घनमीटरला सुमारे १,९५० किलोग्रॅम येते. त्यात वाळू-खडीऐवजी दर घनमीटरला ३०० किलोग्रॅम घनतेचे अतिशय हलके दाणे मिसळावयाचे ठरविले, तरी एकूण मिश्रण पाण्याइतके हलके होण्यासाठी लगद्याचा वाटा आकारमानाच्या सुमारे ४२ टक्क्यांवर जाता कामा नये. लगदा कमी केला तर दाणे एकमेकांना नीट चिकटत नाहीत. बारीक दाण्यांचा पृष्ठभाग मोठा असल्याने मिश्रण पाणी मागते आणि पाणी वाढविले की एब्रॅम्स यांचा नियम आडवा येतो. काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे, फुगविलेली काच, परलाइट, राखेतील पोकळ कण असे पर्याय संघांनी वापरले ते याच पेचातून. शिवाय हे मिश्रण साच्यावर हाताने थापून दीड-दोन सेंटिमीटर किंवा त्याहूनही पातळ कवच तयार करावयाचे असते. उभ्या बाजूवरून ते घसरता कामा नये. या कामासाठी तयार तक्ता कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. संघाला एकामागून एक चाचणी-मिश्रणे करून, त्यांचे नमुने फोडून, पुन्हा प्रमाण बदलावे लागते.

संकल्पन-अहवालाचे ऐतिहासिक मोल येथे आहे. त्यात अंतिम मिश्रणाबरोबरच ते निवडण्यापर्यंतची वाट, घनता व ताकद यांतील तडजोड, गुणवत्ता-नियंत्रण, खर्च आणि मनुष्यतास यांचा हिशेब अपेक्षित असतो. टाकून दिलेली मिश्रणेही येथे पुरावा ठरतात. अधिक ताकदीला आपोआप अधिक गुण नाहीत. होडीला लागणारी ताकद कितपत आहे हे भाराच्या गणिताने दाखवून, तेवढी व तीही किमान वजनात मिळविल्याचे समर्थन करावयाचे असते. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संघाने २००३ ते २००७ अशी सलग पाच वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. संघातील विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडत असताना एवढे सातत्य टिकते, याचा अर्थ ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे लेखी नोंदींच्या व प्रत्यक्ष सहवासाच्या द्वारे जात होते, असाच घ्यावा लागतो. गुरुकुलाची आठवण व्हावी असा हा भाग आहे, फरक इतकाच की येथे गुरू एक-दोन वर्षांनीच मोठा असतो.

अर्थात या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. हलके काचेचे गोळे महाग असतात. साचा, प्रवास व सराव यांसाठी पैसा लागतो. साधनसंपन्न महाविद्यालयाला त्याचा लाभ मिळतो. काही वर्षे सर्व संघांना होडीचा एकच ठरावीक आकार देण्यात आला, तेव्हा आकाराच्या संशोधनातील चढाओढ थांबून लक्ष साहित्यावर केंद्रित झाले. पण त्याचबरोबर विद्यार्थ्यांच्या हातून संकल्पनाचा एक मोठा भाग गेलाही. प्रत्येक नवे कलम एखादी पळवाट बंद करते आणि एखादी वाटही बंद करते. नियमांची पुस्तिका जाडजूड होत गेली. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे राष्ट्रीय स्पर्धा प्रत्यक्ष भरू शकली नाही. त्याच सुमारास स्पर्धेची मांडणी व्यवसायातील प्रस्ताव-मागणीच्या धर्तीवर करण्यात आली. १९७१ चा मिस्कीलपणा आणि ही निविदेची भाषा यांतील अंतर अर्ध्या शतकाचे आहे. अभियंत्याच्या पेशाचे कागदीकरण किती झाले, याचे ते एक मोजमापच म्हणता येईल.

भारतीय संदर्भ

भारतात सिमेंट-काँक्रीटच्या प्रसाराचे एक प्रमुख केंद्र मुंबई हे होते. सिमेंटच्या वापराचे शिक्षण देण्यासाठी काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना १९२७ मध्ये झाली आणि 'इंडियन काँक्रीट जर्नल' त्याच वर्षी सुरू झाले. १९३६ मध्ये अनेक कंपन्यांच्या एकत्रीकरणातून असोसिएटेड सिमेंट कंपनीज उभी राहिली. मरीन ड्राइव्हवरील इमारतींची रांग याच काळातील आहे. मिश्रण-संकल्पनाचे स्वतंत्र भारतीय मानक, आय.एस. १०२६२, मात्र १९८२ साली आले. त्याच्या सुधारित आवृत्त्या २००९ व २०१९ मध्ये निघाल्या. तोपर्यंत आणि लहान बांधकामांवर त्यानंतरही, 'एकास दोनास चार' हेच लोकमान्य प्रमाण राहिले.

आय.एस. ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत मिश्रणाची ताकद ही संभाव्यतेच्या भाषेत सांगितली आहे. एम-२५ काँक्रीट म्हणजे ज्याच्या चाचण्यांपैकी ५ टक्क्यांहून अधिक निकाल दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटनच्या खाली जाणार नाहीत असे काँक्रीट. म्हणून प्रमाण-विचलन ४ धरून सरासरी ३१.६ चे उद्दिष्ट ठेवावे लागते. हा वरचा ६.६ चा फरक म्हणजे माणसाच्या हातून होणाऱ्या चढउतारासाठी मोजलेली किंमत आहे. काम जितके एकसारखे, तितकी ही किंमत कमी. विद्यार्थ्याला हे सूत्र पाठ असते. तथापि प्रात्यक्षिकात तो बहुधा १५० मिलिमीटरचे तीन ठोकळे भरतो, २८ दिवसांनी फोडतो व सरासरी काढतो. तीन ठोकळ्यांत चढउताराचे दर्शन घडणे कठीण आहे.

या पोकळीत आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांतील ठोकळा-स्पर्धा उभ्या आहेत. त्यांतील पुष्कळ स्पर्धांमध्ये ज्याचा ठोकळा सर्वाधिक दाब सोसेल तो विजयी, असा सरळ नियम असतो. या नियमाखाली सिमेंट वाढवीत जाणे हे शहाणपणाचे ठरते. खर्च, भेगा, हाताळण्याजोगेपणा, टिकाऊपणा यांपैकी कशाचाच जाब द्यावा लागत नाही. याउलट अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थी स्पर्धांमध्ये ठरवून दिलेल्या ताकदीच्या जास्तीत जास्त जवळ जाणारा ठोकळा श्रेष्ठ मानण्याची पद्धतही आढळते. तेथे अधिक ताकद हीसुद्धा चूक ठरते, कारण ती अंदाज चुकल्याची खूण असते. दोन्ही स्पर्धांतील यंत्र तेच, ठोकळाही तसाच. पण एका नियमाने दोन वेगळे अभियंते घडतात.

हा भेद केवळ शैक्षणिक नाही. गोव्यात पणजी येथील मांडवी नदीवरील १९७० मध्ये बांधलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाडीच्या खाऱ्या हवेत पूर्वताणित काँक्रीटमधील पोलादी तारा गंजणे हे त्याचे कारण होते. २८ दिवसांच्या दाब-चाचणीत या संकटाची चाहूल लागण्याचा प्रश्नच नव्हता. २००० सालच्या आय.एस. ४५६ मध्ये टिकाऊपणाच्या तरतुदींना पूर्वीपेक्षा बरेच अधिक स्थान मिळाले. वातावरण जितके तीव्र तितके सिमेंटचे किमान प्रमाण अधिक, पाणी-सिमेंट गुणोत्तर कमी आणि सळईवरील आवरण जाड, अशी पायरी तेथे घातलेली आहे. लोखंडी सळई वापरलेल्या काँक्रीटसाठी सौम्य वातावरणात गुणोत्तराची मर्यादा ०.५५ आहे, अतितीव्र वातावरणात ती ०.४० वर येते. किनारपट्टीवरील महाविद्यालयाच्या स्पर्धेतही या पायरीचा उल्लेख नसावा, हे विसंगत आहे.

आपल्याकडे होडीच बांधली पाहिजे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. तलाव, साचे व आयात केलेले काचेचे गोळे यांवाचूनही त्या स्पर्धेतील मर्म उचलता येते. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या तलावांवर तरंगणारे पोकळ कण आपल्या देशात गोळा केले जातात, तेव्हा हलक्या काँक्रीटचा कच्चा मालही परका नाही. अडचण प्रात्यक्षिकाच्या वहीत आहे. तिच्यात साहित्य, कृती, निरीक्षणे, गणित व निष्कर्ष यांसाठी रकाने आहेत. फसलेल्या मिश्रणासाठी रकाना नाही आणि ते का फसले हे लिहिण्यासाठी गुणही नाहीत. त्यामुळे ठोकळा कमी दाबाला फुटला तर आकडा दुरुस्त करण्याकडे विद्यार्थ्याचा कल होतो, आणि बाह्य परीक्षकासमोर येणाऱ्या सर्व वह्यांतील सरासरी संशय यावा इतक्या सारख्या असतात.